लॉगबुकातली सही आणि वॉर्डातला हात : 'सेमिस्टरवाल्या' मुलींचे एका परिसेविकेने केलेले परीक्षण

नर्सिंग महाविद्यालयांची माहितीपत्रके उघडली की त्यांत स्किल लॅबचे फोटो असतात, सरावाच्या पुतळ्यांची संख्या असते, निकालाची टक्केवारी असते. परंतु या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली रोज सकाळी आठ वाजता जिच्या वॉर्डात येऊन उभ्या राहतात, त्या परिसेविकेला, म्हणजे वॉर्डाची जबाबदारी असलेल्या सिस्टरला, त्यांच्याविषयी काय वाटते, हे कुठेच छापलेले नसते. मी चोवीस वर्षे शासकीय सेवेत आहे. त्यातली गेली नऊ वर्षे खानदेशातल्या एका रुग्णालयात पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डाची परिसेविका म्हणून काम पाहते आहे, आणि या काळात जुन्या वार्षिक अभ्यासक्रमाच्या शेवटच्या तुकड्या व नव्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाच्या तुकड्या अशा दोन्ही माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. 'क्षमताधिष्ठित' हा शब्द परिपत्रकातला. वॉर्डात आम्ही त्यांना 'सेमिस्टरवाल्या मुली' म्हणतो, आणि मुली म्हणताना त्यांत मुलगेही धरतो. हे परीक्षण कोणत्याही एका महाविद्यालयाचे नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी जे शिक्षण देऊ केले, ते आमच्या दारात कोणत्या रूपात पोहोचते, एवढ्यापुरतेच ते आहे.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ च्या जुलैमध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. चार वर्षांची आठ सत्रे झाली, गुणांच्या जोडीला श्रेयांक (क्रेडिट) आले, आणि प्रत्येक विषयाखाली विद्यार्थिनीला काय 'माहीत असावे' याच्याइतकेच तिला काय 'करता आले पाहिजे' याची यादी आली. डॉक्टरांच्या शिक्षणात हाच बदल २०१९ पासून सुरू झाला होता, तेव्हा कल्पना आम्हाला अगदीच नवी नव्हती. वॉर्डाच्या दृष्टीने यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे स्किल लॅब, जिथे मुलगी रुग्णाला हात लावण्याआधी पुतळ्यावर हात बसवून येते. दुसरी म्हणजे ऑस्की, म्हणजे ठरावीक मिनिटांची, घंटेवर चालणारी, एकेका टेबलावर एकेक कौशल्य तपासणारी परीक्षा. ही पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आखली आणि १९७५ मध्ये मांडली, पुढे ती नर्सिंगमध्येही रुळली. तिसरी गोष्ट म्हणजे लॉगबुक, म्हणजे कोणते कौशल्य जमले याची सहीनिशी नोंद ठेवणारी वही, आणि या लेखातला बराचसा मजकूर त्या लॉगबुकाविषयीच आहे. आठव्या सत्रात बावीस आठवड्यांची, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची इंटर्नशिप आहे, आणि मुलगी खरी कळते ती त्या काळात.

आधी जे चांगले आहे ते सांगते, कारण ते सांगायला मला स्वतःलाच वेळ लागला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अकरा नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते. पायाला जखम, साखर तीनशेच्या खाली यायला तयार नाही. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस युनिट इन्सुलिन चालू होते, राऊंडला डोस वाढवायचा विचार चालला होता, आणि आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात आजोबांच्या मुलाला दोष देऊन टाकला होता की तो बाहेरून काहीतरी गोड आणून खाऊ घालत असणार. चौथ्या सत्रातली एक विद्यार्थिनी इन्सुलिन भरायला गेली आणि भरायचे सोडून सिरिंज हातात धरून माझ्याकडे आली. "सिस्टर, व्हायल चाळीसची आहे आणि सिरिंज शंभरची आहे." मी पाहिले. रुग्णालयाच्या पुरवठ्यातली व्हायल एका मिलिलिटरला चाळीस युनिटची होती आणि नातेवाइकाने बाहेरच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजा नारिंगी टोपीच्या, म्हणजे शंभर युनिटच्या इन्सुलिनसाठी असणाऱ्या होत्या. त्या सिरिंजेवर वीसच्या रेषेपर्यंत भरले की इन्सुलिन येते शून्य पूर्णांक दोन मिलिलिटर, आणि चाळीसच्या व्हायलमधून तेवढ्यात आठच युनिट मिळतात. तीन दिवस आजोबांना विसाच्या जागी आठ युनिट जात होते, आणि त्या तीन दिवसांत माझ्यासह निदान सहा अनुभवी हातांनी ते इन्सुलिन भरले होते. उलटी चूक झाली असती, म्हणजे शंभरची व्हायल आणि लाल टोपीची चाळीसची सिरिंज असती, तर विसाच्या रेषेला पन्नास युनिट गेले असते आणि ही गोष्ट अशी निवांतपणे लिहिता आली नसती. त्या मुलीला मी विचारले, तुझ्या लक्षात कसे आले? ती म्हणाली, लॅबमध्ये व्हायल आणि सिरिंज जुळवून दाखवल्याशिवाय पुढची पायरी करूच देत नाहीत, सवय झाली आहे.

ही पायरीची सवय या मुलींची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, असे माझे मत आहे. आम्ही शिकलो ते सिनियर सिस्टरच्या मागे उभे राहून, तिचा हात पाहून. त्यात हात लवकर बसायचा, पण तिच्या हाताच्या चुकाही जशाच्या तशा उतरायच्या, आणि त्या चुका आहेत हे कळायला कधी कधी दहा वर्षे जायची. राईल्स ट्यूबचेच, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचेच, उदाहरण घ्या. नळी टाकली की सिरिंजेने हवा सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायचा आणि फीड सुरू करायचे, हे आमच्या पिढीत इतके पक्के बसले आहे की त्याला शंका घेणे म्हणजे आईच्या स्वयंपाकाला नावे ठेवणे. या मुली येतात आणि सांगतात की नळी श्वासमार्गात असली तरी तसा आवाज येऊ शकतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवायचा नाही. ओढून काढलेल्या स्रावाची आम्लता पट्टीवर पाहायची, ती साडेपाच किंवा त्याहून कमी हवी, आणि शंका असल्यास एक्स-रे काढायचा. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आमच्या वॉर्डात आम्लता तपासायची पट्टी नाही, हेही तितकेच खरे आहे. गेल्या पावसाळ्यात एका इंटर्नने एक्स-रे येईपर्यंत फीड सुरू करायला नकार दिला, निवासी डॉक्टर चिडले, नातेवाईक ओरडले, आणि खरे सांगायचे तर मलाही पहिल्यांदा राग आला तो तिचाच. मग तासाभराने एक्स-रे आला, नळी जागेवर होती, फीड सुरू झाले. काहीच बिघडले नाही. नळी जागेवर नसती तर काय बिघडले असते, हे मी मेडिसिन वॉर्डात एकदा पाहिलेले आहे, त्यामुळे त्या संध्याकाळी मी तिला काही बोलले नाही.

बोलण्या-सांगण्यात या मुली आमच्यापेक्षा निश्चितच सरस आहेत. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, टाकण्यापूर्वी रुग्णाला त्याचे नाव विचारणे, काय करणार ते सांगणे, पडदा ओढणे, त्याने हो म्हणेपर्यंत थांबणे, ही गोष्ट पूर्वी फक्त प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी घडत असे. आता ती बऱ्याच जणींच्या हाडात मुरलेली दिसते. एक मुलगी तर डिस्चार्जच्या वेळी आजोबांशी अहिराणीतून बोलत इन्सुलिन कुठे टोचायचे, जागा कशी बदलायची आणि घरात फ्रीज नसेल तर व्हायल कुठे ठेवायची हे त्यांच्याकडून परत वदवून घेत होती. 'परत वदवून घेणे' हेही त्यांना कौशल्य म्हणून शिकवलेले आहे, हे मला नंतर समजले. दुसऱ्या सत्रात त्यांना आरोग्य तपासणीचे प्रशिक्षण असते, त्यामुळे त्या छातीला स्टेथोस्कोप लावतात, आवाज ऐकतात आणि 'उजवीकडे खाली हवा कमी जाते आहे' असे निवासी डॉक्टरांना सांगायला कचरत नाहीत. मी विद्यार्थिनी असताना बीपीशिवाय स्टेथोस्कोप गळ्यात दिसला तरी 'डॉक्टर झाली का ही' असे ऐकावे लागायचे.

एवढे सगळे असूनही पहिल्या तुकडीच्या इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात मी अधिसेविका मॅडमना, म्हणजे रुग्णालयातल्या आम्हा सगळ्या परिचारिकांच्या प्रमुखांना, सांगितले होते की मला या मुली एकट्या नकोत, आणि त्याचे कारण ऑस्कीची घंटा, म्हणजे एका वेळी एकाच कामाकडे पाहण्याची सवय, हे आहे.

संध्याकाळची पाळी होती. एका इंटर्नला मी सहा रुग्ण दिले, बारा ते सतरा. तिने बाराच्या रुग्णाची कॅथेटर केअर घेतली आणि ती अशी केली की परीक्षकाने उभे राहून टाळ्या वाजवाव्यात: ट्रॉली मांडलेली, हात धुतलेले, पडदा ओढलेला, स्वच्छ करण्याची दिशा बरोबर, युरोबॅग (लघवीची पिशवी) मूत्राशयाच्या पातळीखाली आणि जमिनीपासून वर. याला पंचवीस मिनिटे लागली. त्या पंचवीस मिनिटांत चौदा नंबरची सलाईन संपून नळीत रक्त चढले, सोळाच्या बाबांनी युरिन पॉटसाठी तीनदा हाक मारून शेवटी गादी ओली केली, आणि सतराला संध्याकाळी सहाचे अँटिबायोटिक द्यायचे होते ते पावणेसातला गेले. मी तिला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "सिस्टर, सुरू केलेली प्रोसिजर मध्येच सोडायची नसते ना?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. चूक तिच्या त्या पंचवीस मिनिटांत नव्हतीच, ती त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत होती. हात धुण्याआधी तिने सहाही खाटांवरून एक फेरी मारली असती, चौदाची बाटली किती उरली आहे ते पाहिले असते, सोळाच्या बाबांना पॉट देऊन ठेवला असता, तर कॅथेटर केअर तितकीच सुंदर झाली असती आणि गादीही कोरडी राहिली असती. तिच्या लॉगबुकात शंभराच्या वर चौकटी आहेत. 'काम सुरू करण्याआधी एक फेरी मारणे' अशी चौकट मी त्यात शोधली, मला सापडली नाही.

माझ्या सहकाऱ्यांचाही अनुभव फारसा वेगळा नाही, फक्त वॉर्ड बदलला की तक्रारीचा सूर बदलतो. अपघात विभागाच्या परिसेविका सर्वांत जास्त नाराज आहेत. त्यांच्या मते या मुलींना छातीवर दाब किती खोल आणि मिनिटाला किती द्यायचे हे बिनचूक पाठ असते, पाच ते सहा सेंटिमीटर, शंभर ते एकशे वीस, आणि पुतळ्यावर त्या ते देतातही. परंतु खरा रुग्ण आला, भोवती दहा नातेवाईक असले की पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यांना कोणीतरी 'तू सुरू कर' असे म्हणावे लागते. प्रसूती कक्षाच्या परिसेविका मात्र अगदी खूश आहेत, आणि त्याचे कारण मला पटते: तिथे एक मुलगी, एक माता आणि कळांचे सात-आठ तास असे काम असते, त्यात पायरीपायरीने शिकलेला हात शोभून दिसतो, नोंदी वेळच्या वेळी होतात, बाळ जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवायला कोणी विसरत नाही. शस्त्रक्रियागृहाचे मत विचारले तर 'ठीक आहेत' एवढेच मिळाले; तिथल्या सिस्टर मुळातच मितभाषी.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ, तोंड आणि कूस हे तीन विषय आम्हा सर्वांनाच खटकतात. या मुलींना बेडसोरचे टप्पे तोंडपाठ असतात, जोखमीचा तक्ता भरून त्या बेरीजही अचूक करतात, आणि दर दोन तासांनी कूस बदलावी असे केअर प्लॅनमध्ये सुवाच्य अक्षरात लिहितात. कूस मात्र मावशी बदलतात, किंवा कोणीच बदलत नाही. याचा दोष अभ्यासक्रमाला द्यावा का, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. पाठीची निगा ही चौकट लॉगबुकात आहेच, पण ती पहिल्या वर्षीच भरून झालेली असते, आणि भरलेल्या चौकटीकडे परत कोण कशाला वळेल? ज्या कामाची मोजदाद संपली ते काम आपले राहिले नाही, असा एक अर्थ नकळत त्यांच्या मनात तयार होतो. जुन्या मुलींनाही हे काम आवडत होते असे मुळीच नाही. त्यांना ते टाळायला निमित्त नव्हते, एवढाच फरक.

आता लॉगबुकाकडे येते, आणि इथे परीक्षण करणाऱ्याला स्वतःलाच पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

लॉगबुकात प्रत्येक कौशल्यापुढे तारीख आणि सहीची जागा असते, आणि सही कधी करायची याचा नियम तिथेच छापलेला आहे. स्तर १ म्हणजे देखरेखीखालीसुद्धा जमत नाही, स्तर २ म्हणजे देखरेखीखाली जमते, आणि स्तर ३ म्हणजे देखरेखीशिवाय जमते. मुलीने ते कौशल्य पुन्हा पुन्हा करत स्तर ३ गाठला, तरच सही करायची आहे. कितीदा करायचे याला आकडा नाही, जमेपर्यंत करायचे. पूर्वी 'दहा इंजेक्शने, पाच ड्रेसिंग' असा हिशेब असायचा आणि दहावे इंजेक्शन पहिल्याइतकेच वाईट असले तरी तो पूर्ण व्हायचा, त्या मानाने हा नियम किती शहाणपणाचा आहे हे सांगायला नको. परंतु त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एखादी मुलगी माझ्या देखरेखीशिवाय रक्त चढवू शकते, असे लिहून द्यायचे तर मी तिला देखरेखीखाली ते काम चार-पाचदा करताना पाहिलेले असले पाहिजे. पिशवीवरचा नंबर आणि केस पेपर दोघींनी मिळून ताडून पाहताना, पहिली पंधरा मिनिटे रुग्णाच्या उशाशी उभी राहताना, आणि थंडी वाजते म्हटल्यावर पांघरूण शोधायच्या आधी नळी बंद करताना.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते. पोस्टिंगचा शेवटचा शनिवार, दुपारचा दीड. माझी ओव्हर द्यायची, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवायची वेळ, स्टॉकचे रजिस्टर उघडे, दोन डिस्चार्ज अडकलेले, आणि टेबलाभोवती चौदा मुली, प्रत्येकीच्या हातात लॉगबुक. "मॅडम, आज सबमिशन आहे." पाने उलटली जातात, बोट दाखवले जाते, इथे मॅडम, इथे, आणि इथे. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी मी पंचवीस मिनिटांत दोनशेच्या आसपास सह्या केल्या. त्यांपैकी मी स्वतः पाहिलेली कौशल्ये किती होती? चाळीस असतील तर पुष्कळ झाली. एका मुलीपुढे रक्त चढवण्याच्या चौकटीत माझी सही आहे. त्या महिन्यात माझ्या वॉर्डात तिच्या पाळीला एकही रक्ताची पिशवी चढलेली नव्हती, हे मला घरी गेल्यावर भाजी चिरताना आठवले.

म्हणूनच 'नवा अभ्यासक्रम कसा आहे' असे कोणी विचारले की मला उत्तर द्यायला अवघड जाते. रचना चांगली आहे, लॅबमधले काम बहुतेक ठिकाणी प्रामाणिक आहे, मुली बुद्धिमान आहेत. फक्त या सगळ्या रचनेचा खांब ज्या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणजे वॉर्डात कोणीतरी जाणत्या डोळ्यांनी उभे राहून पाहणे, त्या गोष्टीसाठी कोणालाही वेळ दिलेला नाही. अध्यापन रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हे प्रमाण मी विद्यार्थिनी असल्यापासून ऐकते आहे. माझ्या वॉर्डात खाटा चाळीस, साथीच्या दिवसांत जमिनीवरचे धरून रुग्ण पंचावन्न, आणि संध्याकाळच्या पाळीला अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, दोन. त्यातली एक औषधांच्या ट्रॉलीबरोबर आणि दुसरी ॲडमिशनमध्ये असते. मुलीच्या शेजारी उभे राहून तिचा हात पाहायचा कोणी? महाविद्यालयाच्या ट्यूटर येतात, परंतु त्यांच्याकडे एकाच वेळी दोन-तीन वॉर्डांतल्या मुली असतात, शिवाय दुपारी वर्ग घ्यायला परत जायचे असते. त्यात एकाच वॉर्डात दोन-तीन महाविद्यालयांच्या मुली एकाच आठवड्यात आल्या की सकाळी खाटेगणिक एक विद्यार्थिनी आणि संध्याकाळी एकही नाही, अशी अवस्था होते. काही पोस्टिंग तर जेमतेम एका-दोन आठवड्यांच्या असतात. मुलीला सक्शन मशीन कोणत्या कपाटामागे आहे हे कळते त्या दिवशी तिची बदली झालेली असते.

शिकवण्याच्या पद्धतीत आमच्याकडूनही काही जुळवून घ्यावे लागले, त्याचा एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. एका मुलीने निर्जंतुक हातमोजा घालताना बाहेरच्या बाजूला हात लावला आणि मी नेहमीप्रमाणे खाटेपाशीच आवाज चढवला. दुपारी ती टेबलापाशी आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सिस्टर, चूक माझीच होती, मी परत करून दाखवते. फक्त पेशंटसमोर बोलू नका, नंतर ते माझ्याकडून इंजेक्शन घेत नाहीत." माझ्या विद्यार्थिदशेत असे वाक्य सिस्टरला ऐकवण्याची कल्पनाही कोणी केली नसती, आणि तो दिवसभर मी घुश्श्यातच होते. पण तिचे कारण इतके व्यवहाराचे होते की त्याला उत्तर नव्हते. तेव्हापासून मी चूक खाटेपाशी थांबवते आणि त्यावर बोलते ते ट्रीटमेंट रूममध्ये. या मुलींना आपले काय चुकले हे ऐकायचे असते, 'फीडबॅक' म्हणून त्या ते मागूनच घेतात. फक्त तो नेमका लागतो. 'नीट कर' म्हटले की त्या विचारतात, 'कोणती पायरी?' आणि मग आपल्यालाच ती पायरी आठवावी लागते.

अधिसेविका मॅडमनी मला सरळ प्रश्न केला होता की या मुली नोकरीला आल्या तर घ्याव्यात की नाही. घ्याव्यात, असे मी सांगितले. परंतु त्यांच्या प्रमाणपत्रावरचा 'सक्षम' हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वाचतो, तेही ठरवावे लागेल. नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यांत 'सक्षम' ही तिसरी पायरी आहे आणि ती साधारणपणे एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर येते. नुकतीच उत्तीर्ण झालेली मुलगी त्यांच्या हिशेबाने दुसऱ्या पायरीवर असते: एकेक काम येते, पण अनेक कामांतून आधी कोणते, हे अजून दिसत नाही. माझ्या वॉर्डातली ती कॅथेटर केअर म्हणजे याचेच चित्र होते. तेव्हा शंभर कौशल्यांत सक्षम असलेली मुलगी सहा रुग्णांची सक्षम परिचारिका असेलच असे मानून तिला पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला एकटी लावली, तर त्यात तिच्यावरही अन्याय आहे आणि रुग्णांवरही. माझ्या अंदाजाने सहा ते आठ आठवडे एखाद्या अधिपरिचारिकेच्या बरोबरीने पाळ्या दिल्या, सुरुवातीला दोन रुग्ण, मग चार, मग सहा अशी वाढ केली, तर या मुली जुन्या पद्धतीतल्या मुलींना वर्षाच्या आत मागे टाकतील. इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात मी हे करून पाहिले आहे. आधी फेरी, मग कागदावर क्रम, मग हात धुणे, एवढाच नियम ठेवला, आणि कॅथेटर केअरवाली तीच मुलगी जाताना सहा रुग्ण बऱ्यापैकी सांभाळत होती.

महाविद्यालयांना माझे सांगणे इतकेच आहे की लॉगबुक शेवटच्या शनिवारी पाठवू नका, पहिल्या सोमवारी पाठवा. या वर्षापासून मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगते की मी दिवसाला फक्त पाच सह्या करीन, त्या पाहिलेल्या कामाच्याच असतील, आणि न पाहिलेल्या कामाची सही हवी असेल तर ज्यांनी पाहिले त्यांच्याकडे जा. पहिल्या आठवड्यात माझ्याविषयी महाविद्यालयात तक्रार गेली. दोन ट्यूटर येऊन भेटून गेल्या. एकीने सबमिशनची तारीख पुढे ढकलली, दुसरीने ढकलली नाही. अधिपरिचारिकांपैकी एक जण आता दुपारी स्वतःहून 'आज कोणाचे काय पाहायचे आहे' असे विचारते, दुसरी म्हणते की हे आपले काम नाही, आणि पंचावन्न रुग्ण असलेल्या दिवशी मला तिच्याशी वाद घालता येत नाही.

सध्या माझ्याकडे सातव्या सत्रातला एक विद्यार्थी आहे, हात चांगला, बोलणे कमी. रक्त चढवण्याच्या चौकटीत मी त्याला पेन्सिलने 'स्तर २' लिहून दिले आहे, कारण दोन्ही वेळा पिशवी लावल्यावर पाचव्या मिनिटाला तो दुसऱ्या खाटेकडे निघाला होता. काल तिसरी पिशवी होती. तो पंधरा मिनिटे खाटेशी उभा राहिला, नाडी पाहिली, तापमान घेतले, बाबांशी कांद्याच्या भावाविषयी बोलला, आणि मग माझ्याकडे लॉगबुक घेऊन आला. मी त्याला म्हटले, आज मी समोर उभी होते म्हणून थांबलास. पुढची पिशवी मी टेबलावरून पाहीन. तो लॉगबुक मिटून परत गेला.